एकट्याचे वऱ्हाड

हसवणारा माणूस एकटा उभा राहतो आणि समोरची हजारभर माणसे पोट धरून हसतात, हा प्रकार अलीकडे 'स्टँड-अप कॉमेडी' ह्या नावाने ओळखला जातो. नाव नवे असले तरी वस्तू नवी नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला तर ती मुळीच नवी वाटू नये. तुळजापूरच्या भवानीच्या नावाने ज्याच्या घरी गोंधळ घातला जातो, त्याने दिवटीच्या उजेडात ही कला लहानपणीच पाहिलेली असते. संबळ कडाडते, तुणतुणे वाजू लागते, देवीला आवाहन होते आणि रात्र चढली की आख्यान रंगात येते. मुख्य गोंधळी कथा सांगत असतो आणि त्याचा साथीदार मध्येच एखादा भाबडा प्रश्न विचारतो. त्या प्रश्नासरशी पेंगणारी पोरेसुद्धा खडबडून जागी होतात. राजा, राणी, प्रधान, दासी ही सारी पात्रे ते दोघेतिघेच उभी करतात. पडदा नाही, रंग नाही, वेष बदलणे नाही. आवाज बदलला की माणूस बदलला! बहुरूपी तर एकट्यानेच फौजदार होऊन दारात यायचा आणि घरच्यांना आधी घाबरवून मग हसवायचा.

ही कला होती, परंतु तिला प्रतिष्ठा नव्हती. आणि ज्या बोलीत ती चाले, त्या बोलीला तर त्याहूनही नव्हती. ह्याचे कारण इतिहासात आहे. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दरबाराची भाषा उर्दू, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. मराठी राहिली ती घरात, शेतात आणि देवळात. पुढे 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. मराठी राजभाषा झाली खरी, पण पाठ्यपुस्तकातून आली ती पुण्यामुंबईकडची. "काय करलालास?" असे घरी विचारणारा मुलगा शहरातल्या महाविद्यालयात गेला की तोंड उघडायला बिचकू लागला. आधी उर्दूपुढे गप्प बसलेली जीभ आता मराठीपुढेच अडखळू लागली. आपल्या बोलीला लोक हसतील ही भीती काही खोटी नव्हती, कारण रंगभूमीवर खेडवळ बोली बहुधा गड्याच्या नाहीतर बावळटाच्या तोंडी येई.

ह्या पार्श्वभूमीवर लक्ष्मण देशपांडे ह्यांचे काम पाहिले पाहिजे. 1943 साली जन्मलेला हा मराठवाड्याचा माणूस औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचा प्राध्यापक होता. एकपात्री प्रयोग मराठीला तोवर अपरिचित राहिला नव्हता. पु. ल. देशपांडे ह्यांनी 1961 साली 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आणून एकटा माणूस अख्खी चाळ बोलती करू शकतो हे दाखवले होते. विशेष म्हणजे दिल्लीच्या दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या काळात तिथे काम करणाऱ्यांतही तेच होते. परंतु ती चाळ मुंबईची, आणि तिची भाषा पांढरपेशांची. लक्ष्मणरावांनी चाळीच्या जागी खेडे आणले. 1979 साली त्यांचा 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा स्वतः लिहिलेला प्रयोग रंगमंचावर आला.

नावातल्या 'वऱ्हाड' शब्दाने पुष्कळांची फसगत होते. हे वऱ्हाड विदर्भातले नव्हे. हे लग्नाचे वऱ्हाड, आणि तेही मराठवाड्यातल्या खेड्यातले. कथा म्हटली तर चिमूटभर. गावचा पोरगा विलायतेला जातो, तिथल्या मुलीशी त्याचे लग्न ठरते, आणि सारे गाव लंडनला निघते. मानपान, रुसवेफुगवे, गाठोडी-बोचकी आणि विमानातली धांदल! लक्ष्मणराव वेष न बदलता बावन्न पात्रे रंगवीत. म्हातारी बोलू लागली की तिचे बोळके तोंड दिसे आणि पुढच्याच क्षणी तिथे मिशीवर ताव देणारा गावपुढारी उभा राही. अडीच हजारांवर प्रयोग झाले, परदेशांतही झाले, आणि गिनीज बुकात त्यांच्या नावाची नोंद झाली.

पण आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ह्या प्रयोगात खेडूत हास्यास्पद ठरत नाही. विमानतळावर तो गोंधळतो हे खरे. परंतु लंडनला पोचूनही तो आपली बोली सोडत नाही, की आपला आग्रही पाहुणचार सोडत नाही. प्रेक्षक त्याला हसत नाही, त्याच्याबरोबर हसतो. ज्या बोलीची लाज वाटत होती तीच ऐकायला पुण्यामुंबईची माणसे तिकीट काढू लागली. व्याख्यानांनी जे साधले नसते ते तीन तासांच्या हशाने साधले.

22 फेब्रुवारी 2009 रोजी लक्ष्मणराव गेले. वऱ्हाड मात्र थांबले नाही. बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे संदीप पाठक ह्यांनी ते पुढे नेले, आणि ते तर चित्रपट-दूरचित्रवाणीतून घराघरांत पोचलेले नट. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, तेव्हा गावात एखादाच संच असायचा. पुढे 2014 मध्ये 'चला हवा येऊ द्या' आणि 2018 मध्ये 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आली, तोवर तो प्रत्येक ओसरीवर पोचला होता आणि महाराष्ट्रातल्या नाना बोली त्यातून ऐकू येऊ लागल्या होत्या. 2017 च्या एप्रिलमध्ये सत्त्याण्णवावे नाट्यसंमेलन उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, भरले. आयुष्यभर लोकांना हसवीत आलेले जयंत सावरकर त्याचे अध्यक्ष होते.

म्हणजे सारे आलबेल झाले काय? तसे म्हणवत नाही. पडद्यावर बोली पुष्कळ ऐकू येते, परंतु कधी माणसासाठी येते, तर कधी नुसत्या हशासाठी. त्यातला फरक ओळखण्याची कसोटी सोपी आहे. विनोद संपल्यावर त्या खेडुताच्या घरी जेवायला जावेसे वाटते का, एवढे स्वतःला विचारावे. लक्ष्मणरावांच्या वऱ्हाडातल्या प्रत्येकाकडे जावेसे वाटते.

ह्या दिवाळीत पुण्याहून, मुंबईहून पोरे एस.टी.ने आपापल्या गावी उतरतील. दारात उभी आजी विचारील, "आलालास का रं?" उत्तर देताना त्यांनी पुस्तकी मराठी घडीभर पिशवीतच ठेवावी. आजीला हसू येईल, आणि ते हसू कुणाला लाजवणारे नसेल.