दोन लग्नांचा किल्ला

पुण्याहून येणारा महामार्ग मोहोळ मागे टाकतो आणि चिंचोळी एमआयडीसीच्या शेड दिसू लागतात. इथून सोलापूर शहर अर्ध्या तासाच्या आत. या रस्त्यावरून तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूरला निघालेल्या भाविकांच्या गाड्या वर्षभर धावतात. चहा-नाश्ता उरकून, फार तर दोन चादरी घेऊन कितीतरी गाड्या पुढे निघून जातात. शहराच्या मधोमध, सिद्धेश्वर तलावाला पाठ लावून बसलेला भुईकोट त्यांच्या यादीत नसतो. खरं तर दख्खनच्या दोन सुलतान घराण्यांनी ज्याच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडलं, तो किल्ला हाच.

किल्ल्याचं बांधकाम बहामनी काळातलं मानलं जातं. दुहेरी तटबंदी, बुरूज, तीन बाजूंना रुंद खंदक आणि चौथ्या बाजूला तलाव अशी त्याची रचना. डोंगराचा आधार नसलेल्या सपाट मुलखात पाणी हेच संरक्षण होतं. पण किल्ल्याचं खरं महत्त्व त्याच्या जागेत होतं. बहामनी राज्य फुटल्यावर अहमदनगरला निजामशाही आणि विजापूरला आदिलशाही उभी राहिली, आणि सोलापूर नेमकं दोघांच्या सीमेवर आलं. ज्याच्या हाती सोलापूर, त्याला दुसऱ्याच्या मुलखात उतरायची वाट मोकळी.

1524 च्या सुमारास दोन्ही सुलतानांनी वैर मिटवायचं ठरवलं. इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचं लग्न बुऱ्हाण निजामशहाशी लागलं आणि सोलापूर आंदण म्हणून देण्याचं ठरलं. लग्न झालं, वऱ्हाडी परतले, किल्ला मात्र मिळाला नाही. निजामशहाने मागणी केली तेव्हा विजापूरकडून उत्तर आलं की असा कोणताही शब्द सुलतानाने दिलेला नव्हता. बोलणी करणाऱ्या सरदाराने तो दिला असेल, तर तो सुलतानाला बांधील नाही. चिडलेला बुऱ्हाणशहा वऱ्हाडच्या इमादशहाला सोबत घेऊन चालून गेला आणि हरला. तिथून सुरू झालेला झगडा बुऱ्हाणशहाच्या हयातीत संपला नाही. शतकाच्या मध्यावर त्याने सोलापूर अखेर घेतलं, तेही विजयनगरच्या रामरायाच्या मदतीने.

पुढे त्याच रामरायाच्या ताकदीची धास्ती सगळ्या सुलतानांना वाटू लागली. एकत्र यायचं तर सोलापूरचा काटा आधी काढायला हवा होता. पुन्हा लग्न ठरलं. या वेळी वधू अहमदनगरची होती: हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी. वर विजापूरचा अली आदिलशहा, आणि आंदण पुन्हा सोलापूरच! या वेळी शब्द पाळला गेला. जोडलेल्या नात्याचं फळ 23 जानेवारी 1565 रोजी तालिकोटच्या लढाईत दिसलं. रामराया मारला गेला आणि विजयनगरचं वैभव धुळीला मिळालं. दक्षिणेचा नकाशा बदलणाऱ्या त्या लढाईची एक अट सोलापुरात पूर्ण झाली होती. हीच चांदबीबी तीस वर्षांनी अहमदनगरच्या तटावर मोगलांविरुद्ध उभी राहिली.

लंडनचा टॉवर हाही असाच खंदकाचा किल्ला. राणी ॲन बोलीन 1533 मध्ये राज्याभिषेकाआधी तिथे थाटात मुक्कामाला आली आणि 1536 मध्ये तिथेच तिचा शिरच्छेद झाला. म्हणजे मरियमच्याच काळातली ही गोष्ट. तिथली शस्त्रं आणि चिलखतं सतराव्या शतकापासून लोकांना दाखवली जातात. घाण पाण्याने भरलेला खंदक 1843 मध्ये कोरडा करण्यात आला. आज जगभरातले लोक तिथे रांगा लावतात, कारण त्या राणीची कहाणी त्यांनी कुठेतरी ऐकलेली असते. मरियम आणि चांदबीबी यांच्या कहाण्या त्याहून उण्या नाहीत. त्या सांगणारी माणसं हवीत.

सांगण्यासारखं पुढेही बरंच आहे. 1668 मध्ये किल्ला तहाने मोगलांकडे गेला. 1685 मध्ये औरंगजेबाची छावणी सोलापुरात पडली आणि विजापूरच्या वेढ्याची सूत्रं इथून हलली. दुसऱ्या बाजीराव पेशव्याचं पायदळ आणि तोफखाना 1818 मध्ये याच तटाच्या आसऱ्याला होता. गणपतराव पानसे तोफखाना सांभाळत होते. मे महिन्यात इंग्रजांचा जनरल मन्रो चालून आला आणि किल्ला पडला. मग 1860 मध्ये रेल्वे आली, 1870 च्या दशकात जुनी गिरण उभी राहिली आणि तटबंदीचं गाव भोंग्यावर उठणारं शहर झालं. मे 1930 मध्ये याच शहरावर इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्म्यांचा चौक किल्ल्यापासून लांब नाही.

आणि तलावाच्या काठी एक तिसरं लग्नही आहे. ते किल्ल्याहून जुनं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी इथे तलाव खोदला आणि परिसरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. त्यांच्याशी विवाहाचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं, अशी श्रद्धा आहे. दर संक्रांतीच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी उंचच उंच सात नंदीध्वज पेलत संमती कट्ट्यावर येतात आणि हजारो हात अक्षता टाकतात. या लग्नात आंदणाची बोलणी नसतात. सगळ्या जातिधर्मांचे सोलापूरकर वऱ्हाडी असतात.

चिंचोळीवरून शहरात शिरलेल्या गाडीने अर्धा दिवस राखून ठेवला, तर किल्ला, तलावातलं सिद्धेश्वर मंदिर आणि हुतात्म्यांचा चौक आरामात पाहून होतो. संध्याकाळच्या आरतीला तुळजापूरही गाठता येतं. सहलीचा बेत आखणाऱ्यांनी आणि शाळांनी हा अर्धा दिवस वेळापत्रकात घालायला हवा. तटावरून दिसणारं तलावाचं पाणी दाखवत मुलांना आधी मरियमची गोष्ट सांगावी, मग चांदबीबीची.