ईली कॅथीड्रल

इंग्लंडच्या केंब्रिजशर परगण्यातील मध्ययुगीन कॅथीड्रल. सेंट एथलड्रेडा हिने येथे ६७३ मध्ये मठ स्थापला. सध्याच्या वास्तूचे काम नॉर्मन मठाधिपती सिमिअन याने १०८३ मध्ये सुरू केले. ११०९ मध्ये तिला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. भोवतालच्या सखल, एके काळी दलदलीच्या फेन प्रदेशात ती दुरून जहाजासारखी दिसते.

फेब्रुवारी १३२२ मध्ये मधला मनोरा कोसळला. ॲलन ऑफ वॉलसिंगम या मठवासीयाने तो पूर्ववत न बांधता आठ दगडी खांबांवर प्रशस्त अष्टकोन उभारला. सुमारे २२ मी. रुंदीवर दगडी छत पेलणे अवघड होते, म्हणून राजदरबारचा सुतार विल्यम हर्ले याने ओकचे भव्य खांब वापरून वर लाकडी कंदिलमनोरा रचला. त्याचा भार आत दडलेल्या तुळयांवाटे आठ खांबांवर उतरतो. खालून पाहणाऱ्याला मात्र उजेडाने भरलेली चांदणीच अधांतरी तरंगताना दिसते. मध्ययुगीन सुतारकामात याला तोड नाही.

शेजारच्या लेडी चॅपेलमधील नाजूक कोरीव मूर्ती धर्मसुधारणेच्या काळात फोडल्या गेल्या. शिरच्छेद झालेल्या त्या आकृती अजून तेथेच आहेत.