प्रतिनायकाची निवड : सुपरहीरोंच्या पहिल्या चित्रपटांचा इतिहास

१

'खलनायक' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, त्याची फोड करून पाहण्याची आपणांस सहसा गरज वाटत नाही. 'खल' म्हणजे दुष्ट. या शब्दाने त्या पात्राच्या स्वभावाचा निर्देश होतो. नायकाशी त्याचे नाते काय, याविषयी तो काहीच सांगत नाही. संस्कृत नाट्यविचाराने याच पात्रासाठी योजलेला 'प्रतिनायक' हा शब्द मात्र निराळ्या जातीचा आहे. दहाव्या शतकातील धनंजयाने 'दशरूपका'त प्रतिनायकाची लक्षणे सांगताना लोभ, औद्धत्य, हट्ट, पापाचरण इत्यादींचा उल्लेख केला असला, तरी 'प्रति' हा उपसर्ग मूळातच नायकाची अपेक्षा ठेवतो. खल एकटाही खल असू शकतो. नायकावाचून प्रतिनायक संभवत नाही. रामाचा रावण आणि युधिष्ठिराचा दुर्योधन ही परंपरेने दिलेली उदाहरणेही हेच सुचवितात. त्यांतील दुसरे तर एकाच कुळातील भावाभावांचे आहे.

हा भेद जुन्या नाटकांपुरताच महत्त्वाचा आहे असे नाही. अमेरिकन चित्रकथांतून जन्मलेले सुपरहीरो पडद्यावर आले, त्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की, नायकाच्या पहिल्या चित्रपटात त्याच्यासमोर कोणास उभे करावे, हा प्रश्न निर्मात्यांना प्रत्येक पिढीत नव्याने पडला. आणि त्यांची उत्तरे 'खल' व 'प्रतिनायक' या दोन टोकांमध्ये हेलकावत राहिली. त्या उत्तरांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम अडचणीचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप याने १९२८ साली लोककथेच्या रूपविचारावरील आपल्या ग्रंथात ३१ कार्ये आणि ७ पात्रभूमिका मांडल्या. त्याच्या मते कथेस खरी गती मिळते ती कोणी केलेल्या हानीमुळे किंवा कसल्यातरी उणिवेमुळे. लोककथेतील नायक कोण, हे सांगण्यास एखादे वाक्य पुरते. सुपरहीरोच्या पहिल्या चित्रपटाचे तसे नसते. सामान्य मनुष्यास अद्भुत सामर्थ्य कसे लाभले, तो वेष का चढवितो आणि नाव का लपवितो, हे सारे सांगण्यात निम्मा चित्रपट खर्ची पडतो. उरलेल्या निम्म्यात प्रतिपक्षाचीही उत्पत्ती सांगावयाची झाल्यास एका चित्रपटात दोन कथा कोंबल्यासारखे होते.

या अडचणीतून सुटण्याचा मार्ग भाषाशास्त्रातील एका साध्या कल्पनेच्या साहाय्याने समजून घेता येईल. 'काळ' आणि 'गाळ' या दोन शब्दांत एकच भेद आहे : पहिल्याचा आरंभीचा ध्वनी अघोष, दुसऱ्याचा सघोष. बाकी सर्व समान आहे, आणि म्हणूनच तो एक भेद डोळ्यांत भरतो. अशा जोडीस आपण लघुतम युग्म म्हणतो. निकोलाय त्रुबेत्स्कॉय याच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिविचारविषयक ग्रंथाचा पायाच असा आहे की, दोन घटकांतील विरोध त्यांच्यातील समान अंशाच्या आधारावरच उभा राहतो. ज्यांत काहीच समान नाही त्यांत खरा विरोधही नाही. नायक आणि प्रतिनायक एकाच मूळातून निघाले, तर एकाची उत्पत्ती सांगताना दुसऱ्याचीही अर्धी सांगून होते. आणि दोघांत उरलेला जो एक भेद, तोच चित्रपटाचा अर्थ होऊन बसतो.

३

ही युक्ती अलीकडची आहे असा समज होण्याचा संभव आहे. तथापि वस्तुस्थिती तशी नाही. चित्रकथेतील सुपरहीरोवर आधारलेला, जिवंत नटांचा पहिला चित्रपट म्हणून ज्याचा सामान्यतः उल्लेख होतो, तो रिपब्लिक कंपनीचा १९४१ सालचा 'अॅडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल' हा १२ भागांचा धारावाहिक चित्रपट होय. चित्रकथेत या नायकाचा शत्रू डॉक्टर सिव्हाना हा होता. चित्रपटकर्त्यांनी त्याला बाजूस सारून 'स्कॉर्पियन' हा नवाच बुरखाधारी शत्रू निर्माण केला. सयाममधील एका प्राचीन थडग्याचा शोध घेण्यास संशोधकांची एक तुकडी जाते. बिली बॅट्सन हा तरुण धोक्याची सूचना मानून निषिद्ध दालनात पाऊल टाकीत नाही, म्हणून त्याला 'शझाम' हा शब्द आणि त्याबरोबर सामर्थ्य मिळते. आत गेलेल्यांना विंचवाच्या आकाराचे सुवर्णयंत्र मिळते, आणि त्यांच्यापैकीच एकजण त्याच्या लोभाने स्कॉर्पियन बनतो. थडगे एक आणि प्रवासही एकच. भेद एवढाच की, एकजण उंबरठ्याशी थांबला आणि दुसरा थांबला नाही. शेवटी नायकाचे रहस्य काढून घेण्यासाठी स्कॉर्पियन बिलीस बोलू देतो आणि तोच एक शब्द त्याचा घात करतो, ही गोष्टही भाषेच्या अभ्यासकास मौजेची वाटावी अशीच आहे.

दोनच वर्षांनी, १९४३ साली, कोलंबिया कंपनीने 'बॅटमन' हा १५ भागांचा धारावाहिक चित्रपट काढला. बॅटमनच्या चित्रकथांत जोकर १९४० पासून आणि पेंग्विन १९४१ पासून वावरत होते. त्यांच्यापैकी कोणासही न घेता डॉक्टर डाका हा जपानी हेर घडविण्यात आला, भूमिका जे. कॅरोल नॅश या आयरिश वंशाच्या अमेरिकन नटाने केली. डाका नायकाच्या जीवनातून उद्भवत नाही. तो बाहेरून येतो. त्याच्या दुष्टपणास त्याच्या वंशापलीकडे कारण द्यावे, असे कर्त्यांना वाटलेले दिसत नाही. त्याचा गुप्त अड्डा जपानी वस्तीत आहे, आणि ती वस्ती सरकारने रिकामी केली हे शहाणपणाचेच झाले, असे निवेदक सांगतो.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. १९४२ च्या फेब्रुवारीत निघालेल्या अध्यक्षीय आदेशान्वये जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून हलवून छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य लोक अमेरिकेचे नागरिक होते. १९८८ साली अमेरिकेच्या सरकारने कायदा करून या अन्यायाबद्दल क्षमा मागितली आणि हयात असलेल्यांना भरपाई दिली. म्हणजे ज्या वेळी मुले शनिवारच्या खेळास जाऊन डाकाचा पराभव पाहत होती, त्याच वेळी त्यांच्या शाळेतील जपानी वंशाची मुले तारांच्या कुंपणाआड होती. खलाची निवड ही कथानकाची सोय म्हणून केली जाते. पण हानी कोठून येते, याविषयीचे समाजाचे मतही त्या निवडीतून उच्चारले जाते. प्रतिनायकाऐवजी नुसता खल निवडला की, ही किंमत दुसऱ्याच कोणाला भरावी लागते.

४

१९७८ सालच्या रिचर्ड डॉनर यांच्या 'सुपरमॅन'मध्ये या प्रश्नाचा विचार अधिक जाणीवपूर्वक झालेला दिसतो. पहिले दोन भाग बव्हंशी एकत्रच चित्रित करण्याचे ठरले होते, म्हणून प्रतिपक्षाची विभागणी करता आली. आरंभीच क्रिप्टॉन ग्रहावर जनरल झॉड आणि त्याचे साथीदार यांचा न्यायनिवाडा दाखविला जातो आणि नंतर त्यांना कथेबाहेर ठेवले जाते. त्या चित्रपटातील प्रत्यक्ष सामना लेक्स लूथर या सामर्थ्यहीन पण बुद्धिमान माणसाशी होतो. कॅलिफोर्नियाचा किनारा समुद्रात बुडवून आपल्या ओसाड जमिनीचा भाव वाढवावा, हा त्याचा बेत. भूमिव्यवहारातील या लोभासमोर आकाशातून आलेला निर्लोभ नायक शोभून दिसतो, हे खरे. सामर्थ्य व बुद्धी असा विरोधही त्यात आहे. परंतु त्या दोघांत समान भूमी जवळजवळ नाही. खरा समानधर्मी झॉड हा पुढच्या भागासाठी राखून ठेवला गेला. २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'ने तोच झॉड पहिल्याच चित्रपटात आणला, तेव्हा नायकाच्या जन्मभूमीची कथा आणि शत्रूची कथा आपोआप एक झाली.

१९८९ साली टिम बर्टन यांनी 'बॅटमन'मध्ये याहून धीट पाऊल उचलले. चित्रकथेत ब्रूस वेनच्या आईबापांचा खुनी जो चिल नावाचा सामान्य गुंड आहे. चित्रपटात तो खून तरुणपणीच्या जोकरच्या माथी मारण्यात आला. आणि उलट, बॅटमनशी झालेल्या झटापटीत रसायनाच्या कुंडात पडल्यामुळेच जोकर जोकर बनतो, असे दाखविण्यात आले. दोघांनी एकमेकांस जन्म दिला, हे सूत्र कथेस घट्ट बांधते यात शंका नाही. परंतु त्याची हानीही ध्यानात घेतली पाहिजे. ब्रूसचे दुःख एका नामहीन गुन्ह्यातून आलेले असल्यामुळे तो साऱ्या गुन्हेगारीशी झुंजतो. खुनी सापडला आणि चित्रपटाच्या शेवटी मेला की, व्रताचे रूपांतर सूडात होते आणि सूड तर पुरा झालेला असतो. समान मूळ शोधताना ते योगायोगाने जुळविले, तर युग्म बनते खरे. पण नायकाचा अर्थ आकुंचित होतो.

५

एकविसाव्या शतकाच्या आरंभीचे तीन चित्रपट या दृष्टीने एकत्र पाहण्याजोगे आहेत. सॅम राइमी यांच्या २००२ सालच्या 'स्पायडर-मॅन'च्या पूर्वीच्या मसुद्यांत ग्रीन गॉब्लिनच्या जोडीस डॉक्टर ऑक्टोपसही होता. त्याला वगळण्यात आले आणि २००४ च्या दुसऱ्या भागापर्यंत थांबविण्यात आले. उरला तो नॉर्मन ऑस्बॉर्न, नायकाच्या जिवलग मित्राचा बाप. पीटर पार्कर आणि ऑस्बॉर्न या दोघांनाही प्रयोगशाळेतील विज्ञानाकडूनच आणि जवळजवळ एकाच वेळी सामर्थ्य मिळते. पोरक्या पीटरला चुलत्याच्या जागी दुसरा वडीलधारा लाभण्याचा संभव निर्माण होतो, आणि तोच गॉब्लिन निघतो. दोघांत भेद एकच : सामर्थ्याबरोबर कर्तव्य येते, हे एकाने चुलत्याच्या मृत्यूतून जाणले, दुसऱ्याने जाणले नाही.

क्रिस्टोफर नोलन यांनी २००५ सालच्या 'बॅटमन बिगिन्स'मध्ये सर्वांत प्रसिद्ध शत्रू जो जोकर, त्याला मुद्दाम दूर ठेवले. शेवटी केवळ त्याचे पत्ते दाखवून पुढची सूचना दिली. त्याच्या जागी आला रास अल गूल, म्हणजे नायकाचा गुरू. शिष्याने त्याच्याकडून युद्धविद्या, शिस्त आणि भयाचा उपयोग हे सर्व घेतले. अपराध्याचा शिरच्छेद कर, अशी आज्ञा होताच मात्र तो नकार देतो. त्या एका नकारात बॅटमनची साऱ्या पुढील चित्रपटांतील व्याख्या सामावली आहे. ती व्याख्या झाल्यावरच जोकरसारखा व्याख्याच न मानणारा शत्रू २००८ साली समोर आणता आला. हा क्रम उलटा असता तर दोन्ही चित्रपट दुबळे झाले असते.

त्याच २००८ सालच्या 'आयर्न मॅन'मध्ये प्रारंभी मँडरिन हा शत्रू योजण्याचा दिग्दर्शक जॉन फॅव्रो यांचा विचार होता. १९६४ साली चित्रकथेत अवतरलेला हा चिनी खल डाकाच्याच जातकुळीचा होता. शेवटी निवड झाली ती ओबाडाया स्टेन याची. तो नायकाच्याच कारखान्यातील, बापाच्या वेळचा भागीदार आहे. नायकाची शस्त्रे दूरच्या दऱ्याखोऱ्यांत पोचली ती कोणा परक्याच्या कपटाने नव्हे, तर याच भागीदाराच्या नफेखोरीने. शस्त्रे विकणाऱ्यास आपल्याच शस्त्रांनी जखमी केले, या आरंभास घरातलाच शत्रू हवा होता. १९४३ ते २००८ या ६५ वर्षांत हानीचा उगम परक्याच्या वस्तीतून आपल्या कार्यालयात सरकला, असे म्हणावयास हरकत नाही.

६

तथापि या पद्धतीचा अतिरेकही झाला. 'आयर्न मॅन'च्या अखेरीस दोन चिलखते एकमेकांवर आदळतात. २०१५ च्या 'अँट-मॅन'मध्ये लहान होणारे दोन वेष झुंजतात. साम्य वाढत गेले. भेद मात्र आकाराचा वा रंगाचा उरला. भाषेतही असे भेद असतात, जे कानाला जाणवतात पण अर्थ बदलीत नाहीत. लघुतम युग्म सिद्ध होण्यास भेद अर्थभेदक असावा लागतो, आणि हाच निकष येथेही लावला पाहिजे.

त्या निकषास उतरणारी दोन उदाहरणे देऊन हे विवेचन आवरतो. रायन कूगलर यांच्या २०१८ सालच्या 'ब्लॅक पँथर'मध्ये किलमाँगर हा राजाचा चुलतभाऊ आहे. वंश तोच, सिंहासनावरील हक्क तोच, अंगावरील वेषही शेवटी तोच. तो मात्र वाकांडात न वाढता अमेरिकेतील ओकलंडमध्ये अनाथ म्हणून वाढला. समर्थ राष्ट्राने दूरच्या बांधवांना वाऱ्यावर का सोडले, हा त्याचा प्रश्न त्याच्या मृत्यूनंतरही उरतो, आणि विजयी राजास आपले धोरण बदलावे लागते. दुसरे उदाहरण आपल्याच देशातील आहे. बेसिल जोसेफ यांच्या २०२१ सालच्या 'मिन्नल मुरळी' या मल्याळम चित्रपटात एकाच रात्री एकाच गावातील दोघांवर वीज पडते. शिंपी जेसन नायक होतो. गावाने वेड्यात काढलेला शिबू प्रतिनायक होतो. वीज दोघांना सारखीच लाभली, माणसे सारखी लाभली नाहीत. शिबूच्या दुष्कृत्यांचा हिशेब मांडताना प्रेक्षकास गावाचाही हिशेब मांडावा लागतो.

१९४१ सालचा तो कॅप्टन मार्व्हल २०१९ साली 'शझाम!' या नावाने पुन्हा पडद्यावर आला. तेव्हा पूर्वी वगळलेला सिव्हाना शत्रू म्हणून घेण्यात आला. पण तो चित्रपटात प्रथम दिसतो तो मुलगा म्हणून. ज्या जादूगाराने पुढे बिलीस सामर्थ्य दिले, त्यानेच या मुलास अपात्र ठरवून परत पाठविले होते. ७८ वर्षांनंतर नवा शत्रू जुन्याच उंबरठ्यावर येऊन उभा राहिला, यात नवल नाही. नायकाचा पहिला चित्रपट 'हा कोण?' या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी असतो, आणि ते उत्तर देण्यास जो जवळजवळ तसाच आहे पण तो नव्हे, अशा दुसऱ्याची गरज लागते. खल निवडणारे चित्रपट आपल्या काळाचा द्वेष तेवढा नोंदवून ठेवतात. प्रतिनायक निवडणारे प्रेक्षकासही त्या उंबरठ्यावर उभे करतात.