दाईंहाटची नवमी

मराठी इतिहासाच्या पुस्तकांत १७४२ सालच्या प्रकरणाला 'बंगालची स्वारी' म्हणतात. बंगालीत त्याच प्रकरणाचे नाव 'बर्गीर हांगामा' असे आहे. स्वारी म्हटली की तिला निघण्याचे ठिकाण असते, सेनापती असतो, उद्देश असतो आणि परतल्यावर द्यायचा हिशेब असतो. हांगामा म्हणजे दंगा, धुमाकूळ. तो ज्याच्या अंगणात होतो त्याला तो कोठून आणि कशासाठी निघाला याच्याशी काही कर्तव्य नसते. आमच्या बेहालासारख्या कोलकात्याच्या दक्षिण भागात राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर हे दोन्ही शब्द पडतात. पहिला शाळेत शिकलेला, दुसरा इथे आल्यावर ऐकलेला. मुलांना झोपवण्याच्या बंगाली गाण्यातसुद्धा बर्गी येतात. या दोन शब्दांमधले अंतर कळायला पुस्तके पुरी पडत नाहीत. त्यासाठी हावड्याहून कटव्याची गाडी धरावी आणि कटव्याच्या अलीकडच्या स्थानकावर, दाईंहाटला उतरावे.

दाईंहाट हे पूर्व बर्धमान जिल्ह्यातले, भागीरथीच्या पश्चिम अंगाचे लहान गाव. नगरपालिका जुनी, १८६९ सालची. पण गावाची चाल खेड्याचीच. तळी, केळीची बने, जुन्या विटांची देवळे, दुपारी अर्धी फळी लावून घेतलेली दुकाने. एके काळी नदीवरच्या व्यापाराने आणि पितळ-काशाच्या भांड्यांनी हे गाव नांदते होते. दगडाच्या मूर्ती घडवणारे कारागीरही इथले नावाजलेले. दक्षिणेश्वरच्या भवतारिणीची मूर्ती घडवणारे नवीन भास्कर दाईंहाटचेच. मूर्तिकाराला बंगालीत 'भास्कर' म्हणतात आणि इथे ते आडनावच झाले आहे. या योगायोगाने मराठी प्रवासी थबकतो, कारण तो ज्याच्या शोधात इथे येतो त्याचेही नाव भास्करच.

भास्करराम कोल्हटकर हा नागपूरकर रघूजी भोसल्यांचा दिवाण. बंगालीत तो 'भास्कर पंडित'. १७४२च्या वसंतात तो घोडदळ घेऊन पश्चिमेच्या डोंगरी मुलखातून बंगालमध्ये उतरला. एप्रिलमध्ये नवाब अलिवर्दीखान बर्धमानजवळ त्याच्या वेढ्यात सापडला आणि मोठ्या हालांनी कटव्याला पोहोचला. नवाबावर रुष्ट असलेला मीर हबीब हा सरदार मराठ्यांना येऊन मिळाला. मे महिन्यात मराठी तुकडी थेट मुर्शिदाबादेत शिरली आणि जगत्शेठांची पेढी लुटली गेली.

यापुढचा निर्णय महत्त्वाचा आहे. मराठी फौजेचा रिवाज असा की मृगाच्या आधी घरी परतायचे, शेते पेरायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा निघायचे. भास्करपंत परतीच्या वाटेला लागलाही होता. मीर हबीबाने त्याला वळवले आणि १७४२चा पावसाळा मराठ्यांनी कटवा-दाईंहाटच्या परिसरात छावणी करून काढला. भागीरथीच्या पश्चिमेचा बराच मुलूख त्यांच्या ताब्यात गेला, हुगळीचे बंदरही पडले. आल्या वाटेने निघून जाणारी फौज आणि चार महिने मुक्काम करून वसूल गोळा करणारी फौज यांत गावकऱ्याच्या दृष्टीने फार फरक असतो. पहिलीपासून रानात लपता येते. दुसरीपासून गावच सोडावे लागते.

अश्विन लागला तेव्हा भास्करपंताने दुर्गापूजा मांडली. ही जागा म्हणून स्थानिक परंपरा दाईंहाटची समाजबाडी दाखवते. मराठी माणसाला या गोष्टीचे कौतुक वाटते, आणि त्यात वावगे काही नाही: परमुलखात गेलेल्या सेनापतीने तिथल्या देवीची तिथल्या रीतीने पूजा केली. पण त्या काळच्या बंगालमध्ये मोठी दुर्गापूजा हे राजे-जमीनदारांच्या घरचे काम होते. आमच्या बेहालातील बडिशा भागात साबर्ण रायचौधुरींच्या वाड्यातली पूजा १६१० पासून चालत आल्याचे ते घराणे सांगते. वाड्यासमोर मूर्ती बसवणे, आसपासच्या लोकांना बोलावणे, प्रसाद वाटणे, यातून या मुलखाचा धनी कोण हे कळत असे. भास्करपंताच्या पूजेत भक्ती होती असे मानले, तरी तीत हक्क सांगणेही होते असे मला वाटते. पूजेची सामग्री ज्यांच्याकडून आली त्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती.

पूजा पुरी झाली नाही. जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे २७ सप्टेंबर १७४२, म्हणजे अश्विन शुद्ध नवमीला, अलिवर्दीच्या फौजेने नावांच्या पुलावरून अजय नदी ओलांडून छावणीवर छापा घातला. मराठे मूर्ती आणि सामान टाकून पळाले. वर्ष संपेपर्यंत नवाबाने त्यांना ओरिसापार हाकलले.

या सगळ्याचा जवळचा साक्षीदार म्हणून गंगाराम या बंगाली कवीचे 'महाराष्ट्र पुराण' मानले जाते. त्याचे हस्तलिखित १७५१ सालचे आहे, आणि एडवर्ड डिमॉक व प्रतुलचंद्र गुप्त यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९६५ साली निघाला. मराठी वाचकाला या काव्याचा आरंभ अनपेक्षित वाटेल. पृथ्वीवर पाप वाढले, तेव्हा शिवाने शाहूराजाला प्रेरणा द्यायला नंदीला पाठवले, असे गंगाराम सांगतो. म्हणजे आरंभी मराठे देवाच्या कामावरच आहेत. मग तो आपल्याला गावांतून नेतो: पळणारी माणसे, जळणारी घरे, रुपये मागत केलेले हाल, कापलेले हात-नाक, स्त्रियांवरचे अत्याचार. ब्राह्मण, वैष्णव, स्त्रिया यांची हत्या पाहून देवी कोपते आणि भास्कराकडे पाठ फिरवते. नवमीच्या छाप्याचा अर्थ गंगाराम असा लावतो. ज्या देवीची पूजा चालली होती तिनेच पूजकाचा त्याग केला. १७४४च्या मार्चअखेरीस मनकरा येथे तहाच्या बोलण्यासाठी तंबूत बोलावून अलिवर्दीने भास्करपंताला आणि त्याच्या बहुतेक सरदारांना मारवले. तिथे हे काव्य संपते.

या दग्याचा उल्लेख मराठी पुस्तकांत असतो आणि तो असायलाच हवा. पण दगा सांगताना आधीची दोन वर्षे एका ओळीत उरकली जातात. चौथाईचा हक्क, शाहूमहाराजांची सनद, रघूजी आणि पेशवा यांची चुरस हे सारे तपशिलाने येते. १७४३ साली पेशवा बाळाजी बाजीराव स्वतः बंगालमध्ये आला तो अलिवर्दीच्या बाजूने, रघूजीला हटवण्यासाठी. खर्चापोटी नवाबाने त्याला २२ लाख रुपये द्यायचे ठरले. दरबारी इतिहासात हा डावपेच मोठा रंजक आहे. वाटेवरच्या गावाला मात्र दोन्ही फौजांचे घोडे सारखेच दिसले असणार. अखेर १७५१च्या तहाने सालाना १२ लाख चौथाई ठरली आणि ओरिसा भोसल्यांच्या हाती आला. मराठी पुस्तकात ही स्वारीची यशस्वी सांगता ठरते. गंगारामाचे हस्तलिखित त्याच वर्षाचे आहे.

'बर्गी' हा शब्दही पाहावा. तो आपल्या 'बारगीर' वरून आला. स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीला येई तो शिलेदार. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. ज्याचा घोडाही स्वतःचा नाही अशा साध्या पगारी स्वाराचे नाव बंगालमध्ये अख्ख्या फौजेला पडले. भास्करपंत पूजा मांडत होता, पण लोकांच्या दारात उभा राहिला तो हा माणूस. भाषेने लक्षात ठेवले तेही त्यालाच.

कोलकात्याच्या घडणीतही या भीतीचा वाटा आहे. १० नोव्हेंबर १६९८ रोजी बडिशाच्या रायचौधुरींनी सुतानुटी, कोलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचे हक्क १३०० रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला दिले. तो व्यवहार त्यांच्या आठचाला मंडपात झाल्याचे सांगतात, आणि त्याचे खांब आजही बेहालात उभे आहेत. १७४२ नंतर भागीरथीच्या पश्चिमेकडून पळालेली माणसे पूर्व तीरावर आणि कंपनीच्या या तीन गावांच्या आसऱ्याला आली. त्या गावांभोवती १७४३ साली खंदक खणायला घेतला, तो 'मराठा डिच'. सात मैल खणायचा बेत होता. सहा महिन्यांत तीन मैल झाला, मराठे आले नाहीत आणि काम थांबले. पुढे खंदक बुजवून त्याच्या वाटेने सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात 'मराठा डिच लेन' हे नाव अजून आहे. बेहाला-बडिशा या खंदकाच्या बाहेर राहिले. ज्यांनी गावे दिली त्यांचे स्वतःचे घर बेतातही नव्हते.

दीडशे वर्षांनी याच शहरात शिवाजी उत्सव साजरे झाले. त्यामागे होते सखाराम गणेश देऊस्कर, देवघरजवळच्या करौं गावी जन्मलेले मराठी घराण्यातले बंगाली लेखक. त्यांच्या 'शिवाजीर दीक्षा' या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी १९०४ साली 'शिवाजी उत्सव' ही कविता दिली. त्याच वर्षी निघालेले देऊस्करांचे 'देशेर कथा' सरकारने १९१० साली जप्त केले. ज्या बंगालने मुलांना बर्ग्यांची भीती घातली त्यानेच शिवाजीला आपला मानले. दोन्ही आठवणी एका घरात राहू शकतात, हे बंगालने दाखवले.

इतिहासकारांतही असे एक उदाहरण आहे. यदुनाथ सरकारांनी शिवाजीवर पहिला मोठा इंग्रजी ग्रंथ १९१९ साली लिहिला, आणि पुढे मुघल साम्राज्याच्या अस्ताचा इतिहास लिहिताना बंगालमधल्या मराठी अत्याचारांविषयी हात राखला नाही. 'मराठी रियासत'कार गोविंद सखाराम सरदेसाई हे त्यांचे जन्माचे स्नेही. दोघांनी दशकानुदशके पत्रे लिहिली, एकमेकांची कागदपत्रे तपासली, मतभेद राखले आणि मैत्रीही राखली. आपल्या बाजूची उणी गोष्ट दुसऱ्याकडून ऐकून घेतल्याने त्यांच्या इतिहासाचे काही बिघडले नाही.

म्हणून दाईंहाटला जाणाऱ्याने आपल्या पराक्रमाची खूण शोधत जाऊ नये. आणि जाऊन क्षमा मागण्याचेही कारण नाही, कारण तिथे ती कोणी मागत नाही. हे शांत गाव आहे. मराठी पाहुण्याचे आडनाव ऐकून इथे कोणी दार लावत नाही. कटव्याला गौरांगबाडी पाहावी, जिथे १५१० साली चैतन्यांनी केशव भारतींकडून संन्यास घेतला. गंगारामाने वैष्णवांची हत्या इतकी मनाला का लावून घेतली ते तिथे कळते. मग अजय आणि भागीरथीच्या संगमावर जावे. ज्या पाण्याच्या भरवशावर छावणी निर्धास्त राहिली ते पाणी समोरच आहे.

जायचे तर नवरात्रात जावे. आपल्याकडे नवमीला खंडेनवमी म्हणतात. त्या दिवशी शस्त्रांची पूजा होते, आणि ज्यांच्याकडे शस्त्रे नाहीत ते आपल्या धंद्याची हत्यारे पूजतात. भास्करपंताच्या छावणीतही त्या नवमीला तलवारींना गंधफूल वाहिले गेले असेल. गंगारामाच्या काव्यात गाव सोडून पळणाऱ्यांची एक यादी आहे. ब्राह्मण पोथ्यांचा भार घेऊन निघतो, सोनार तराजू घेऊन, कुंभार चाक घेऊन, कोळी जाळे घेऊन. जीव वाचवताना त्यांनी तीच वस्तू उचलली जी आपण खंडेनवमीला पाटावर मांडतो. मराठी मुलांना बंगालची स्वारी शिकवताना तहाच्या कलमांबरोबर ही यादीही वाचून दाखवावी. ती समजायला त्यांना टीप लागणार नाही.