नाव नसलेला देवदूत: रोममधली 745 सालची एक सुनावणी

कॅथलिक घरांमध्ये लहान मुलांना राखणदार देवदूताची एक छोटी प्रार्थना शिकवतात. मूळ लॅटिन, यमक जुळवलेली, पाठ व्हायला सोपी. तिच्यात देवदूताकडे उजेड मागितलाय, रक्षण मागितलंय, पण त्याला नावानं हाक मारलेली नाही. (कोकणातला राखणदार डोक्यात असेल तर बाजूला ठेवा. तो गावाचा असतो. हा माणशी एक.)

नाव का नाही, हा प्रश्न दिसतो तेवढा बाळबोध नाही. तो धरून मागे गेलं की आपण थेट आठव्या शतकात पोचतो.

तेव्हा फ्रँकांच्या राज्यात आल्डेबर्ट नावाचा एक उपदेशक फिरत होता. शेतात, झऱ्यांकाठी क्रूस उभारायचा, तिथंच प्रार्थना घ्यायचा. लोक बिशपांना सोडून त्याच्यामागे जायला लागले. स्वतःची नखं आणि केस तो पवित्र अवशेष म्हणून वाटायचा, असाही आरोप होता. बॉनिफेस या मिशनरी बिशपनं रोमला तक्रार केली आणि ऑक्टोबर 745 मध्ये पोप झकारींसमोर सुनावणी झाली. तिथं आल्डेबर्टची एक प्रार्थना वाचली गेली. तिच्यात आठ देवदूतांना नावानं हाक होती: उरिएल, रागुएल, तुबुएल, मिखाएल वगैरे. सभेनं ठरवलं की मिखाएल सोडला तर बाकीचे देवदूत नव्हेतच, ती भुतं आहेत. आपल्याला नावं ठाऊक आहेत ती तिघांचीच: मिखाएल, गॅब्रिएल, राफाएल.

आता संशोधनाच्या दृष्टीनं बघा. आल्डेबर्ट सभेला हजर नव्हता. त्याच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते जवळजवळ सगळं त्याच्या विरोधकांच्या कागदांतून, बॉनिफेसच्या पत्रव्यवहारासोबत टिकलेल्या इतिवृत्तातून. बिशपांचं म्हणणं होतं, त्याचं लिखाण जाळा. पोप म्हणाले, जाळण्याच्याच लायकीचं आहे, पण दोषाचा पुरावा म्हणून दप्तरात राहू दे. असे स्रोत वाचताना नखांच्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा, हे आपलं आपण ठरवायचं. मला स्वतःला प्रार्थनेचा मजकूर जास्त भरवशाचा वाटतो. आरोप रंगवता येतो. पण अनोळखी नावांची यादी मुद्दाम रचून कुणाला काय मिळणार?

गंमत म्हणजे राखणदार देवदूत या कल्पनेला सभेनं हात लावला नाही. तिला आधार जुना होता. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू लहानग्यांच्या देवदूतांबद्दल बोलतो (18:10), आणि चौथ्या शतकात संत बाझिलनं प्रत्येक विश्वासणाऱ्याजवळ देवदूत असतो असं लिहिलं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं कक्षा वाढवली: बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, जन्मल्यापासून प्रत्येक माणसाला देवदूत असतो. सण यायला मात्र बराच वेळ लागला. 1608 मध्ये पोप पाचव्या पॉलनं परवानगी दिली, 1670 मध्ये दहाव्या क्लेमेंटनं तो साऱ्या चर्चसाठी 2 ऑक्टोबरला नेमला. मधल्या काळात कॅल्विननं माणशी एक देवदूत या मताबद्दल शंका काढली होती, हे विसरू नका. सतराव्या शतकातल्या कॅथलिक भक्तीला त्या वादाचीही पार्श्वभूमी आहे.

आणि नावं? 2001 मध्ये व्हॅटिकननं लोकभक्तीबद्दल जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही हेच: त्या तिघांखेरीज देवदूतांना नावं देऊ नयेत. म्हणजे साडेबाराशे वर्षांनीही सांगावं लागतंय. मनाई परत परत लिहिली जाते तेव्हा लोक ते करत असतात, असा अंदाज आपण करतोच.

आल्डेबर्टची सगळी नावं हवेतली नव्हती. उरिएल आणि रागुएल हनोखच्या पुस्तकात येतात. रोमच्या बायबलमध्ये ते पुस्तक नाही, इथिओपियाच्या चर्चच्या बायबलमध्ये आहे. तिथं उरिएलचा सण आजही पाळतात.