धोतर-कर्करोग
कमरेवर धोतर किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधल्याने होणारा त्वचेचा कर्करोग. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर व सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये त्याचे वर्णन केले. घर्षण व घामाने कातडी आधी काळपट, जाड, खवलेदार होते. क्वचित तिथेच न भरणारी जखम पडते. हा त्वचेतला बदल गजकर्ण समजून मलम लावण्यात महिने जातात, हीच खरी अडचण. निदान बायॉप्सीनेच होते. उपचार म्हणजे भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह कर्करोगाचा भाग काढणे; जांघेतील लसीका गाठीही तपासतात. गावातील डॉक्टरांनी साडी नेसणाऱ्या आजींची कंबर आवर्जून पाहावी. डाग दिसताच नाडी सैल करावी, रुंद पट्टा वापरावा.