अंबरची नहर आणि उंबरमाळीचा हंडा

निजामशाही संपली ती अहमदनगरात नव्हे, शहापूर तालुक्यातल्या माहुली किल्ल्यावर. 1636 साली शहाजीराजे लहानग्या मुर्तजा निजामशहाला घेऊन इथे अडकले होते. एकीकडून मोगल, दुसरीकडून विजापूरचा रणदुल्लाखान. किल्ला सोडावा लागला, मुलगा मोगलांच्या हवाली झाला. पाठ्यपुस्तकातला धडा इथे संपतो. पण एखादी सल्तनत बुडते तेव्हा तिचे फक्त तख्त जाते. तिने जमिनीखाली घातलेले नळ राहतात.

ते नळ घालणारा मलिक अंबर या घटनेच्या दहा वर्षे आधी, 1626 मध्ये वारला होता. हबशाण म्हणजे आजच्या इथिओपियात जन्म, लहानपणीच गुलाम म्हणून विक्री, बगदादमार्गे दख्खन, आणि अखेर निजामशाहीचा पेशवा. त्याचा गनिमी कावा आपल्याला ठाऊक असतो. त्याची जमीनधाऱ्याची पद्धत कल्याण भागापर्यंत पोहोचली होती, हेही अभ्यासकांना माहीत असते. पाण्याचे काम मात्र पर्यटनाच्या माहितीपत्रकात दोन ओळींत उरकले जाते.

1610 मध्ये त्याने खडकी गावी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, राजधानी वसवायला घेतली. जागा मोक्याची, पण वाढत्या शहराला पुरेल असे पाणी नाही. अंबरने शहराच्या उत्तरेला, खाम नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली झिरपणारे पाणी हेरले. जमिनीच्या पोटात बांधीव बोगदा काढला, त्यात ते झिरपे गोळा केले आणि नुसत्या उतारावर ते शहरात आणले. ना मोट, ना रहाट. वाटेत ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडे ठेवली, म्हणजे माणूस आत उतरून गाळ काढू शकेल. शहरात पुढे मातीचे खापरी नळ, आणि मध्ये मध्ये विटा-चुन्याचे उंच मनोरे. बंद नळातले पाणी दाबाने मनोऱ्यात चढते, तिथे कोंडलेली हवा सुटते, गाळ बसतो, आणि पाणी पलीकडच्या नळात उतरते. नळ फुटू नये म्हणून केलेली ही सोय. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ याच तत्त्वावर पाणचक्की फिरली आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळले गेले.

ही विद्या मूळची इराणची, तिथे तिला कनात किंवा कारेज म्हणतात. बुऱ्हाणपूरला अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615च्या सुमारास, असाच कुंडी भंडारा झाला. विजापूर-बीदरलाही कारेज आहेत. अहमदनगरात तर अंबरच्या आधीच डोंगरातून खापरी नळांनी पाणी येत होते. म्हणजे अंबरने शोध लावला नाही. दुसरीकडची युक्ती त्याने इथल्या काळ्या पाषाणाला लागू करून दाखवली, आणि माझ्या मते तेच जास्त अवघड असते.

आता पुन्हा माहुलीकडे येऊ. किल्ल्याच्या परिसरातच तानसा तलाव आहे. 1892 मध्ये तो पुरा झाला आणि तिथून नव्वद-शंभर किलोमीटरवरच्या मुंबईला लोखंडी नळांतून पाणी गेले, तेही उतारावरच. तत्त्व खडकीचेच, खापरीच्या जागी लोखंड आणि बोगद्याच्या जागी धरण. 1957 मध्ये वैतरणेवर मोडकसागर झाले, नंतर भातसा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी हे तीन शहापूर तालुक्यात आहेत आणि मध्य वैतरणा त्यांच्या लगतच. एकट्या भातशातून मुंबईचे जवळपास निम्मे पाणी येते.

याच तालुक्यात खर्डी आणि कसारा यांच्या मध्ये उंबरमाळी आहे. रेल्वे इथून 1861 पासून धावते, महामार्गही शेजारून जातो. पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे खडकीच्या तिप्पट. आणि तरी या पट्ट्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिली जाते. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेतलेल्या बायका विहिरीच्या तळाशी साचलेले पाणी वाटीने भरतात. कारण सरळ आहे: खाली कठीण बेसाल्ट, वर तीव्र उतार, पडलेले पाणी मुरत नाही, पळते, आणि जिथे अडते तिथला नळ मुंबईकडे जातो.

इथे मला आपल्या फिक्हमधला जुना विचार आठवतो. हनफी फुकहांनी पाण्याचे दोन हक्क वेगळे केले. एक शिर्ब, शेताच्या पाळीचा. दुसरा शफा, म्हणजे ओठांचा, माणसाच्या आणि जनावराच्या तहानेचा. पहिल्याला मालक असतो, पाळी असते. दुसऱ्याला विहिरीचा किंवा कालव्याचा मालकही नाही म्हणू शकत नाही. उस्मानी सल्तनतीने 1869 ते 1876 या काळात ‘मजल्ला’ या नावाने आपला दिवाणी कायदा लेखी केला, त्यातही हा हक्क आहे. पाळीचाही एक निवाडा प्रसिद्ध आहे. मदिन्यात डोंगरातून येणाऱ्या पाटावरून तंटा झाला, तेव्हा पैगंबरांनी (स.) ठरवून दिले की वरच्या शेताने आधी घ्यावे आणि मग पाणी खालच्या शेजाऱ्याकडे सोडावे. धरणाच्या काठावरचा पाडा आणि खालचे महानगर यांच्यात आपण नेमका उलटा क्रम लावला आहे.

अंबरला संत करण्याचे मात्र कारण नाही. त्याची नहर राजधानीची होती, खेड्यांची नव्हे, आणि ती आधी राजवाड्यांपर्यंत गेली असणार. शहरासाठी पाणी वळवायचे आणि वाटेतल्या गावांना विसरायचे, ही खोड इंग्रजांपेक्षा जुनी आहे. फरक इतकाच की खाम खोऱ्यातले झिरपे गोळा केल्याने कुणाचे गाव बुडाले नाही.

आणि युक्ती अजून जुनी झालेली नाही. इगतपुरीच्या बाजूला घाटमाथ्यावर भावली धरण आहे, शहापूरच्या पाड्यांपेक्षा कितीतरी उंचावर. तिथून पंपाशिवाय, उतारानेच पाणी खाली आणून शहापूरच्या गावपाड्यांना देण्याची योजना हाती घेण्यात आली. पंप नाही म्हणजे विजेचे बिल नाही, आणि छोट्या ग्रामपंचायतींच्या नळयोजना बंद पडतात त्या बहुतेक याच बिलामुळे. कसारा घाट उतरून येणारी ती पाइपलाइन उंबरमाळीच्या अंगाने जाईल. तिला तिथे तोटी आहे की नाही, एवढेच पाहायचे.